चढापुरती मोटर

दि. ३ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. गुडघा आता माझं ऐकेनासा झालाय. डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितलाय. साहेबांनी खालच्या दवाखान्यात टेबलावरचं काम देऊ केलंय. वरच्या वस्तीला मग नर्स कोण, असं विचारलं, तर म्हणाले, बघू. हे 'बघू' मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. तिथे एका बाईचे दिवस भरत आलेत, आणि पायवाटेनं माझी गिअरची सायकल तेवढी जाते.

तू तिकडे विजेच्या डर्ट बाइक उघडून त्या आणखी पळतील अशा करतेस. तू लोकांना पडायची सोय करतेस आणि मी पट्ट्या बांधायची, असं मी इथे सगळ्यांना सांगते. आता जरा माझ्या बाजूनं ये. माझ्या सायकलीला मोटर बसेल का?

जेवणाकडे लक्ष दे. तुझी माझ्यावर माया आहेच, ती कामाला लाव.
तुझी आई

दि. ११ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

बसेल. नवी सायकल घेऊन देते, असं लिहिणार होते, पण तुझं उत्तर मला पाठ आहे.

दोन पायडलांच्या मधली आडवी नळी मोजून कळव. पट्टीनं, वितीनं नव्हे. मोटर तिथेच बसेल, म्हणजे तिला तुझे गिअर वापरता येतील. चाकातली मोटर तुझ्या चढावर तापून बसेल. बॅटरी खालच्या तिरक्या नळीवर येईल. ब्रेक दाबला की मोटर बंद पडेल, अशी वायरही पाठवते. सगळं इथेच जुळवून देईन, बाजारातल्या सायकलवाल्याला फक्त पिळायचं काम राहील. गिअर बदलताना पाय क्षणभर सैल सोडायचा, नाहीतर चेन तुटेल.

इथे कामाला तोटा नाही. काल एकाच्या बाइकचा, मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर बदलून दिला, मागचं दातेरी चक्र मोठं केलं. आता मूठ पिळली की पुढचं चाक हवेत. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं आणि मी हात धुऊन जेवायला बसले.

गुडघा शेकत जा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी खटपट

दि. ९ मार्च

चि. खटपटीस,
आशीर्वाद.

मोटर बसली. पहिले काही दिवस मी खालच्या गावातच मिरवत फिरले. सपाटीवर कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटायचं.

काल दुपारी त्या बाईला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. मी लगेच निघाले. शेवटच्या उभ्या चढावर मोटरनं जीव सोडला. मी उतरून सायकल ढकलू लागले, तर मोटर-बॅटरीनं ती आधीपेक्षा जड झालेली. अर्ध्या वाटेत ती टाकली आणि बॅग घेऊन लंगडत गेले. पोहोचले तेव्हा मूल झालेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. सासू कापड दाबून बसली होती. मी थांबवलं. बाळ-बाळंतीण ठीक आहेत. पण आणखी थोडा उशीर झाला असता, तर हे पत्र मला लिहवलं नसतं.

सायकलवाल्यानं आज तपासलं. तो म्हणाला, मोटर बिघडलेली नाही, कुणीतरी मुद्दाम तिची ताकद निम्म्यावर बांधून ठेवलीय.

अनोळखी पोरांच्या गाड्यांचे लगाम तू रोज काढतेस. मग माझ्याच गाडीला का घातलास? मला विचारलं का नाहीस?
आई

दि. १५ मार्च

ती. आईस,
सा. न.

हो, मीच बांधली. जोडणी झाल्यावर तपासायला मी ती मोटर पूर्ण ताकदीनं फिरवली. तू पायवाटेच्या कडेवरून खाली घसरतेयस, असं दिसायला लागलं. रोज याच्या कितीतरी पट ताकदीच्या गाड्या मी हसत गिऱ्हाइकांच्या हातात देते. त्यांची आई मला कधी दिसली नाही, हे तेव्हा कळलं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

सोबतच्या कागदावर ताकद वाढवायला मुठीजवळची बटणं कशी दाबायची ते काढून दिलंय. ताकद किती ठेवायची ते तू ठरव. ब्रेकचे नवे गुटकेही पाठवतेय. सायकल जड झालीय, उतारावर जुने पुरणार नाहीत. हे मी आधीच पाठवायला हवे होते.

कालच्या गिऱ्हाइकाला मी आधी ब्रेक बदलायला लावले. तो कुरकुरला, पण बदलले.

तुझी माया असू दे. मागायला संकोच वाटतोय.
खटपट

दि. २७ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

गुटके बसले. बटणं मी स्वतः दाबली, पूर्ण ताकद घेतली. उभ्या चढाला छाती धडधडत होती, ते कबूल करते. पण सायकल वर गेली. उतारावर मात्र मी खाली उतरून चालते. ते माझं मी ठरवलंय.

एवढी वर्षं मी वर पोहोचले की धापा टाकत बसायची आणि वस्तीतल्या बाया आधी मलाच पाणी द्यायच्या. काल बाळाच्या दारात उतरले, तर मला बोलायला दम उरला होता. मीच आधी विचारलं, कशी आहेस.

साहेबांना टेबल नको म्हणून कळवलंय. कधीतरी ते घ्यावं लागेल, मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी तुला आपणहून लिहीन. ते मला मोटरकडून कळू नये, एवढं जप.

मायेचं विचारतेस, तर ती कुणी निम्म्यावर बांधलेली नाही.
तुझी आई