मनूच्या लग्नात तिची आई कुठे होती

वाडी, युसूफ वडगावच्या अलीकडे
२४ मे २०१९

तीर्थस्वरूप राधाकिशनदादांच्या पायाशी त्रिंबकचा नमस्कार, दोन्ही हात जोडून आणि मान पुरती खाली घालून.

तुमची तब्येत, वहिनींची कंबर, जीपचा क्लच आणि मळ्यातलं बोअर ही सगळी जागेवर असतील असं धरून चालतो. (बोअरचं मनावर घेऊ नका, या वर्षी कुणाचंच जागेवर नाही.) मी तुम्हाला चौदा फोन केले, तुम्ही एकही उचलला नाहीत. मेसेज केले, त्यांच्या रेघा निळ्या झाल्या आणि तशाच राहिल्या. म्हणून शेवटी पत्राला बसलो. पत्राचं एक बरं असतं. माणूस ते फाडायला घेतो खरा, पण समोरच्यानं काय लिहिलंय ते वाचून मगच फाडतो.

तुम्ही मनूच्या लग्नातून न जेवता गेलात. मामा म्हणून तिच्या मागे उभे राहिलात, अक्षता पडल्या आणि थेट जीपमध्ये जाऊन बसलात. जाताना एवढंच बोललात, "बहिणीला नटायला येळ हाय, भावाला ओवाळायला न्हाई." दादा, तुम्ही लुगड्याचं गाठोडं घेऊन मांडवाच्या दारात दोन तास उभे होतात आणि साखरा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली नाही, हे सोळा आणे खरं. ती कुठे होती हे कुणाला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे. शपथ 'बोलायचं न्हाई' अशी आहे, लिहिण्याचा त्यात उल्लेख नाही. मी दूध संस्थेचा व्हाईस चेअरमन आहे (दुष्काळानं संस्थेत दूध उरलं नाही, व्हाईस चेअरमन उरला), त्यामुळे ठरावातल्या फटी मला बरोबर दिसतात.

आता मुळापासून सांगतो. मनूनं लग्नात काहीच मागितलं नाही. घोडा नको म्हणाली, बँड नको म्हणाली, फक्त केजच्या छबुबाई मेकअपला पाहिजेत म्हणाली. मी म्हटलं, पावडरचा डबा घरात आहे, तुझी चुलती लावील. त्यावर पोरगी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही (हे तुमच्याच घराण्यातून आलेलं आहे, राग मानू नका). शेवटी गेलो केजला. तहसीलच्या रस्त्याला माडीवर त्यांचं पार्लर आहे. बाई पंचेचाळिशीच्या, अंगानं काटक, चष्मा कपाळावर. मी संस्थेच्या सवयीनं विचारलं, दूध घेताना आम्ही आधी फॅट लावून बघतो, तुमचा माल कसा तपासायचा? दुसरी कुणी असती तर मला जिन्यावरून खाली सोडलं असतं. त्यांनी माझा डावा हात पुढे ओढला, त्यावर एक क्रीम, मग दुसरं, मग काहीतरी भुकटी अशी दहा मिनिटं मन लावून कामगिरी केली. दादा, कोयत्याचा वीस वर्षांचा वण गेला! उन्हानं करपलेली कातडी गेली! उजवा हात ऊसतोड्याचा आणि डावा बँकेच्या मॅनेजरचा, असा मी जीपमध्ये बसून परत आलो. सगळ्या जीपनं तो हात बघितला, एकानं तर हातात घेऊन बघितला. मी तो दोन दिवस धुतला नाही (तसंही टँकर आला नव्हता). बाईंना तिथल्या तिथे हो म्हणून आलो होतो, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

त्यांच्या अटी दोन. खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय कुणी यायचं नाही, आणि डोकं टेकता येईल अशी उंच पाठीची खुर्ची पाहिजे. आमच्या वाडीत तशी खुर्ची एकच, संस्थेच्या ऑफिसातली चेअरमनची, फिरती. सात वर्षांत मला तिच्यावर एकदाही बसू दिलेलं नाही. पण लेकीचं लग्न म्हटल्यावर चेअरमननं चावी दिली आणि चौघांनी ती खुर्ची उचलून आमच्या आतल्या खोलीत आणली.

लग्नादिवशी छबुबाई सकाळी सातला हजर. लाइट गेलेली, पाणी मोजकं. बाईंनी खिडकीची चौकट उतरवायला लावून उजेड घेतला आणि एका तांब्यात मनूचं सगळं तोंड धुऊन काढलं. मी टँकरच्या रांगेत लोकांची डोकी फुटताना पाहिलेली आहेत, आणि इथे ही बाई एका तांब्यात नवरी तयार करते. मला तर तिला जलसंधारण खात्यात घ्यावी असं वाटलं. मग आल्या म्हाताऱ्या. आपल्याकडे नवरीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडल्याशिवाय एक म्हातारी जेवायला बसत नाही. चाळीस म्हाताऱ्यांनी हात फिरवला असता तर पोरीचा सगळा मेकअप त्यांच्या बोटांवर वाटून गेला असता, आणि नको म्हणावं तर चाळीस घरं रुसली असती. छबुबाईंनी दारात पाट टाकला, स्वतः बसल्या आणि गाल पुढे केला. "आदी माजी दिष्ट काडा. नवरीला मी नेऊन पोचवते." म्हाताऱ्या हसून हसून बेजार, पण एकेकीनं बोटं मोडली. बाईंचे दोन्ही गाल लाल झाले, मनूच्या तोंडाला बोट लागलं नाही आणि रुसलं कुणीच नाही. मी आजवर पुष्कळ पुढारी पाहिले, पण असा तोडगा काढणारा पाहिला नाही.

साडेदहाला मनू तयार झाली आणि म्हणाली, आता आईला बसवा. साखरा म्हणाली, "मला कावून? माजं काय लगीन हाय?" पण बाईंनी तिला हाताला धरून चेअरमनच्या खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर गार फडकं ठेवलं आणि कपाळ, कानशिलं हळूहळू चोळायला घेतलं. दादा, साखरा झोपली. मी पाच मिनिटांत सांगायला गेलो की दादा आलेत, दारात उभे आहेत, तर छबुबाईंनी ओठावर बोट ठेवलं. मी आत डोकावलो. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. मी म्हटलं, "अवो बाई, लगीन हाय, तिचा भाऊ आलाय, उटवा तिला." त्या म्हणाल्या, "लगीन कुटं पळून जात न्हाई. माजी आई बी कोयत्यावरच होती. तिला कदी झोपलेली बगितली न्हाई मी. मी न्हाई उटवणार, आन तुमाला बी उटवू देणार न्हाई."

खरं सांगतो, मला राग आला. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तिथेच थांबलो. ऊसतोडीला आम्ही दोघं मिळून चोवीस वर्षं एक कोयता. ती माझ्या आधी उठते, भाकरी करते, फडावर मोळ्या वाहते, माझ्यानंतर आडवी होते. तिला झोपलेली मी तरी कधी बघितली होती? मला आठवेना. मी पाय मागे घेतला.

पण मुहूर्त बारा एकवीसचा! आता वेळ काढायचा कसा? पत्रिकेवर मी ठळक छापलं होतं की भाषणं, सत्कार होणार नाहीत. वाडीत या धाडसाची चर्चा होती. तोच मी माइकवाल्याकडे गेलो आणि मांडवात जेवढे संचालक होते तेवढ्यांना आशीर्वादाला पुकारलं. दादा, ती माणसं जणू बूट घालून तयारच होती! बंद साखर कारखान्याचे माजी संचालक ठिबक सिंचनावर बोलले. सूतगिरणीवाले चारा छावणीवर बोलले. आमचे चेअरमन तर सहकाराच्या स्थापनेपासून निघाले (त्यांची खुर्ची कुठे आहे ते विसरून). मुहूर्त गेला, गुरुजींनी दुसरा काढला, तोही गेला, तिसरा काढला. मी घाबरत व्याही आश्रुबांकडे बघितलं, तर ते खूष. म्हणाले, शिरूर कासारला आमच्या भावकीत एवढी मोठी माणसं कुणाच्या लग्नाला आली नव्हती. तुमच्याकडे मात्र मी बघितलं नाही. माझी छाती झाली नाही.

एक वाजता भाषणं संपली, भोंगा बंद झाला, आणि त्या शांततेनंच साखराला जाग आली. किती वाजले कळल्यावर ती रडायला लागली. छबुबाईंनी तिचे डोळे पुसले आणि दहा मिनिटांत हात फिरवून तिला बाहेर आणली. मी अक्षता वाटत होतो, तसाच उभा राहिलो. बायको फार सुंदर दिसत होती, दादा. तुम्ही म्हणता तो मेकअप असेल थोडा. बाकीची दोन तासांची झोप होती.

तर साखरा नटत नव्हती. ती झोपली होती. भाऊ दारात असताना झोप लागली, याची तिला एवढी लाज वाटते की तुम्हाला वाटतंय ते वाटू दे म्हणते, पण हे सांगू नका म्हणते. तुमच्या लुगड्याची घडी अजून मोडलेली नाही. दादाला ओवाळल्याशिवाय नेसायचं नाही म्हणून पेटीत ठेवलंय. मंगळवारी जेवायला या. राग तसाच घेऊन या, हवं तर जेवण झाल्यावर काढा.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला अपराधी,
त्रिंबक

ता. क. : मंगळवारी येताना केजहून छबुबाईंना जीपमध्ये घेऊन या. घरात कुणाचं लग्न नाही, हे त्यांना आधीच सांगा. डबे, ब्रश काही आणू नका म्हणावं. चेअरमनची खुर्ची मी अजून परत केलेली नाही. एका बाईला आपल्या बायकोला झोपवायला बोलवायचं, हे माझ्या तोंडून निघेना, म्हणून तुमच्यावर टाकतो.

ता. क. दुसरा : परवा मीच प्रयत्न केला. साखरा भिंतीला टेकून बसली होती, मी फडकं गार करून आणलं आणि तिच्या कपाळाला हात लावला. ती दचकून उठली आणि म्हणाली, "कोन गेलं वो?" कुणी गेलं नाही, असं तासभर सांगितलं, तरी तिनं मला माणसं मोजायला लावली. दसऱ्यानंतर आम्ही ऊस तोडायला फडावर जाणार, तिथे पाचटाच्या कोपीवर छबुबाई कुठून आणणार? त्यांना एवढंच विचारून ठेवा, हे काम त्या नवऱ्याला शिकवतात का.