जमुनेचा शेजार

मूर्तिजापूर, २० सप्टेंबर १९३७
जमुनाला आणलं. देवीच्या साथीत डोळे गेल्यापासून माझी ही धाकटी बहीण गावी दादाकडे मागच्या खोलीतच असायची. निघताना दादा म्हणाला, "लोकायत नेऊ नको तिले. हसतीन."

२३ सप्टेंबर
संध्याकाळी तिला विहिरीवर नेलं. बायकांचं बोलणं एकदम थांबलं — मग "बिचारी", "काय नशीब". जमुनाने माझा हात घट्ट धरला. "ताई, घरी चाल." आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही.

२८ सप्टेंबर
तशीच. दाराला बाहेरून कडी लावून शाळेत जाते. मुलींना कविता शिकवते, लक्ष घरी.

८ ऑक्टोबर
शेजारची माळीण पार्बताबाई झेंडूची टोपली घेऊन थेट आत शिरली. "दसरा आला. माहे हात पुरून नाही राहिले. हे पोरगी रिकामी काहून बसली?" मी म्हणाले, तिला दिसत नाही.
"मले मालूम हाये. बोटं तं हायेत ना?"
जमुनाच्या हाती सुई-दोरा दिला. थोड्या वेळाने हार ओढून पाहिला. "ढिला झाला. उसव."
मला राग आला. जमुना मात्र हसली — किती वर्षांनी! जेवताना म्हणाली, "मावशी मले रागावली." आणि भाकरी मागून घेतली.

१६ ऑक्टोबर
आता कडी लावत नाही. आज शाळेतून आले तर घर रिकामं. आधी विहिरीकडेच धावले. नाही. परत येताना पार्बताबाईच्या ओट्यावर हसण्याचा आवाज — विहिरीवरच्या त्याच बाया, आणि मधोमध जमुना. एक जण तिला आपल्या सासूचं गाऱ्हाणं सांगत होती. "भिंतीले हात लावत आली," पार्बताबाई म्हणाली. मी तिथंच खाली बसले. फार हलकं वाटलं.

२ नोव्हेंबर
समोरच्या उत्तमरावांनी गल्लीतली बैलगाडी आत अंगणात घेतली. म्हणाले, "पोरीची वाट हाये."

१८ नोव्हेंबर
माझी अमरावतीला बदली. जमुनाला म्हटलं, सामान बांधू. ती भिंतीला हात लावत पार्बताबाईकडे गेली.

२० नोव्हेंबर
"तू जाय, ताई. मी नाही येत. माहे लोकं इथं हायेत."
पार्बताबाईकडे विचारायला गेले. तिने जमुनासाठी खाट टाकून ठेवली होती.