उकळलेल्या घासण्या

६ जानेवारी, सोमवार

पोहे भिजवले, तोवर नळ गेला. दोन बादल्या भरल्या होत्या, पिंप अर्धंच. तुळशीला पाणी घातलं, ओटा पुसला, कढई ठेवली. हे बाहेर पेपर वाचत होते. तिथूनच ओरडले, "नंदा, मोहरी जळतेय." मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. मग पोहे झाले, खाल्ले, कपडे वाळत घातले.

आज भांडी घासताना ती सकाळ का आठवली कुणास ठाऊक. त्या दिवशी काहीच झालं नव्हतं. हे गेले त्यानंतर दीड महिन्याने. त्यालाही आता दोन वर्षं होतील.

मीना आज कामाला आली नाही. तारेची घासणी माझ्या बोटात घुसली, रक्त आलं. तेव्हाच ठरवलं. आजपासून या घरात तार नाही, प्लॅस्टिक नाही. क्रोशाने सुती घासण्या विणायच्या. धुवा, वाळवा, परत वापरा. नुसत्या घरापुरत्या नाही, विकायच्याही. मी सातवी शिकले, पण वाचलंय पुष्कळ. धंदा काही अवघड नसतो.

९ जानेवारी, गुरुवार

फ्रीगंजच्या बाजारातून जाड सूत आणलं. सहा साखळ्यांचा गोल, त्यात खांबाचे बारा टाके, पुढच्या ओळीत दुप्पट. हात अजून विसरला नाही.

मृणालचा इंदूरहून फोन. तेच. आई, एकटी किती दिवस राहणार, इकडे ये. जावई पण मागून बोलला. तिला घासण्यांचं सांगितलं. म्हणाली, छान आहे, पण हे इथेही विणता येईल. मी म्हटलं, तुझ्याकडे येऊन मी पाहुणी होणार, इथे मी घरमालकीण आहे. तीन महिन्यांत दाखवते तुला, एकटी बाई घर, गॅस, बाजार, धंदा सगळं कसं सांभाळते. तिने विषय बदलला. पटलं असावं.

१३ जानेवारी, सोमवार

मोठी ऑर्डर! खालच्या मजल्यावरची कल्पना शुक्रवारी संक्रांतीचं हळदीकुंकू करतेय. म्हणाली, "नंदाताई, दरवर्षी त्याच प्लॅस्टिकच्या वाट्या. यंदा तुमच्या घासण्याच वाण म्हणून देते." समारंभाला मला बोलावते ती नेहमी. मी जात नाही. पण माझं वाण आता घरोघरी जाणार. यांना सांगावंसं वाटलं.

सूत नंतर आटू नये म्हणून घासण्या पाण्यात भिजवल्या. उन्हात रंग उडतो, म्हणून आतल्या खोलीत दोरीवर.

१६ जानेवारी, गुरुवार

थंडीमुळे पुरत्या वाळल्या नाहीत. चालतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकेक घालून रिबिनीची गाठ मारली. (प्लॅस्टिक शेवटचंच.) प्रत्येक पिशवी नाकाला लावून तपासली. फर्स्ट क्लास.

१७ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ

खाली हळदीकुंकू चाललंय. बांगड्या, हसणं, उखाण्याचा आग्रह, सगळं वर ऐकू येतं. मधेच एकदम सगळ्या गप्प झाल्या. वाण उघडलं असणार. भारावल्या.

१९ जानेवारी, रविवार

कल्पना आली. बराच वेळ थंडीबद्दल बोलली. मग म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, पण घासण्यांना वास येतोय. कुबट. शेजारच्या गौरीच्या सासूबाई तर सगळ्यांसमोर म्हणाल्या की वाण दिलंय की ओलं पायपुसणं.

उरलेल्या दोन मी तिच्यासमोर हुंगल्या. काही नाही. एका लेखात वाचलं होतं की सूत श्वास घेतं. श्वास घेणाऱ्या वस्तूला वास कसा लागेल? मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. म्हटलं, कल्पना, तुझ्याच भिंतीला ओल आहे, तो वास तुझ्या घराचा. ती उठून गेली. चहा तसाच राहिला.

मत्सर. तिच्या लोणच्याला एवढ्या ऑर्डरी कधी आल्या नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

मीनाही त्यांना सामील. ओट्यावरची घासणी दोन बोटांत धरून तिने मोरीत टाकली. मग नाकाला पदर लावून स्वयंपाकघरभर फिरली. "आंटी, यहाँ कुछ मरा है." मी म्हटलं, तुला कल्पनाने पढवलंय. तिने गव्हाची कोठी सरकवली. मागे उंदीर. फुगलेला, बरेच दिवसांचा. ती तोंड दाबून बाहेर पळाली. मीच कागदात गुंडाळून फेकला. मला काही त्रास झाला नाही. मन खंबीर असलं की होत नाही.

थंडीत वास पसरत नाही, हेही असेल. पण मग मीनाला कसा आला? तिला सवय असेल.

२३ जानेवारी, गुरुवार

हिंग बदलला. तिसऱ्यांदा. सगळा भेसळीचा. कापूरही तसाच, नुसता मेणासारखा.

देवास गेटला उदबत्ती परत करायला गेले. दुकानदाराला म्हटलं, भैया, इसमें खुशबूच नहीं है. त्याने तिथेच एक पेटवून माझ्यासमोर धरली. म्हणाला, "अम्मा, मेरा सर फट रहा है, और आपको खुशबू नहीं आ रही?" शेजारचं गिऱ्हाईक हसलं. असल्या उद्धट दुकानात पुन्हा जायचं नाही.

घरी आल्यावर यांचा स्वेटर काढला. धुतलेला नाही. पिशवीत बंद करून ठेवलाय, वर्षातून एकदोनदाच उघडते. तंबाखू आणि खोबरेल असा वास असायचा. तोंड घालून बसले होते. काही नाही. पिशवीची चेन बिघडलीय. त्यातूनच गेला असणार. चांगली पिशवी आणायला हवी होती.

२६ जानेवारी, रविवार

मृणाल सुट्टीची आली. जिन्यातूनच ओरडत आली, "आई, काय जळतंय?" डाळ लागली होती. पातेलं काळं. मी दोन पावलांवर बसून खांब मोजत होते. मोजताना माणसाचं लक्ष नसतं, हे तिला समजावलं.

जेवताना तिने विचारलं, कोरोनात तुझा वास गेला होता, तो परत आला का गं? मी म्हटलं, कधीच आला. कधी? त्याच वर्षी. तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे तुला. दूध बघ, फोडणी बघ. सारखे. मी म्हटलं, त्यांना टोकायची सवयच होती. ती म्हणाली, आधी नव्हती. त्या वर्षापासून लागली.

तिला काय माहीत. लग्न होऊन ती गेलेली.

जाताना कल्पनाच्या दाराशी बराच वेळ उभी होती. मी वरून पाहिलं. दोघी कुजबुजत होत्या. माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

२९ जानेवारी, बुधवार

मार्ग सापडला. माधव नगरमध्ये देवश्री म्हणून एकजण घरातच यात्रेकरूंसाठी खोल्या चालवते. तिला तिच्या स्वयंपाकघरासाठी घासण्या हव्यात. शनिवारी नमुने दाखवायचे. ही ऑर्डर झाली की मृणालचं तोंड बंद.

आता कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही. सगळ्या घासण्या सोडा घालून उकळायच्या, चांगल्या तासभर. मोठं पातेलं काढलं. काठोकाठ भरावं लागेल.

३१ जानेवारी, शुक्रवार
दुपारी ४

पातेलं चढवलं. बाहेर बोचरा वारा आहे. खिडक्या लावून घेतल्या, दारालाही पायपुसणं लावलं. स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसलेय. डाळीसारखं होऊ देणार नाही. समोर बसून लक्ष ठेवणार.

४.४०

जोरात उकळी आली. फेस सगळा शेगडीवर उतू गेला. आता शांत झालंय. शेगडीचा फरफर आवाजही नाही. मंद आचेवर छान मुरतील.

५.३०

डोकं जड झालंय. तिसऱ्या ओळीत खांब चुकताहेत. उसवलं, परत चुकलं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. मळमळतंय पण, दुपारचे मुळे बाधले.

५.५०

डोळा लागला होता. अंधारून आलं. लाइट गेलीय. घरात फार शांत वाटतंय. यांनी हाक मारली असं वाटलं. स्वप्नच.

दिवेलागणीची वेळ झाली. काडेपेटी सापडत नव्हती, सापडली. देवाजवळ दिवा लावते, मग पुढचं लिहिते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस लिहिलं नाही.

काडी हातात धरली होती. ओढणार तेवढ्यात दार कुणीतरी दणादणा वाजवायला लागलं. मी म्हटलं, आधी दिवा लावू, मग बघू. मग कल्पनाचा आवाज आला, "नंदाताई, काडी ओढू नका, काही पेटवू नका!" आमच्यात बोलणं बंद होतं, त्यामुळे नवल वाटून आधी दार उघडलं. तिने माझ्या हातातली काडेपेटी खाली जिन्यात भिरकावली आणि पदर नाकाला लावून आत पळत गेली. शेगडीचं बटण बंद केलं, सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. मला ओढून बाहेर आणलं आणि जिन्याच्या पायरीवर बसवलं.

उतू गेलेल्या पाण्याने शेगडी केव्हाच विझली होती. सव्वा तास नुसता गॅस येत होता. मी लक्ष ठेवून समोर बसले होते.

ती ओरडली, "खालपर्यंत वास येतोय नंदाताई, आणि तुम्ही आत काडी घेऊन!" मी विचारलं, "तुला खरंच येतोय?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग मारायला उचलल्यासारखा हात तिने माझ्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

बऱ्याच वेळाने लाइट आली. ती पातेल्यातली एक घासणी पिळून घेऊन आली. हुंगली. म्हणाली, "आता नाही येत." मी म्हटलं, "मला आधीही येत नव्हता." यावर आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले, मग ते हसणं राहिलं नाही.

यांनी कधी बोलून दाखवलं नाही. नुसते बाहेरच्या खोलीतून टोकत राहिले. मी दर वेळी म्हणायचे, तुम्ही पेपर वाचा.

कल्पना रात्री माझ्याकडेच झोपली. निजताना म्हणाली, मृणालला मी काही कळवणार नाही, पण तुम्ही गप्प राहिलात तर मला खाली झोप लागणार नाही. मी छताकडे बघत घरातल्या एकेक वस्तूचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मृणालला फोन केला आणि ती काही विचारायच्या आत म्हटलं, पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये.