अक्का, ती हिरवी साडी परत आणतोय

प्रिय अक्का,

तू गेल्याला अडीच वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय. काहून? तर काल तुझे मालक, आमचे दाजी, दुकानात आले होते. मी विहिरीवरची एक मोटार खोलून बसलेलो. चहालाही नको म्हणाले. "पाव्हणं, जित्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर पाय धरून माफी तरी मागता येती. मेलेल्याला कशी मागसाल?"

"लिहून मागतो," मी म्हटलं. त्यांना वाटलं, चेष्टा करून राहिलो. चेष्टा नव्हती गं. तुझी शाळा चौथीपर्यंतची, म्हणून अक्षर मोठं काढतोय.

तो शब्द तू विसरली नसशील. हट्टा गावातल्या तुझ्या घरी तू खाटेवर होतीस. माझा हात धरून म्हणालीस, "भान्या, प्रतीक्षा माझ्या गजाननालाच देशील ना रे?" आणि उशाखालची हिरवी साडी माझ्या हातात ठेवलीस. "व्हय अक्का, दिली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? आई गेल्यावर मला घास भरवणारी तू!

पण एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. माझ्या पाठीमागं प्रतीक्षा तुझ्यासाठी पाणी घेऊन उभी होती. दहावीतलं लेकरू. मी "दिली" म्हटलं आणि तिच्या हातातला पेला तांब्याला लागून वाजायला लागला. बराच वेळ. माझे कान तुला माहीत आहेत. पेचकसाचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, की बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते मी सांगतो. जवळा बाजारात माझं दुकान चाललं ते या कानांवर. मग तो पेला मला ऐकू आला नसेल? आला. मी वळून बघितलं नाही.

आता ऐक, प्रतीक्षाला जर्मन भाषा शिकायचीय. हे वेड पोरीच्या डोक्यात घातलं कुणी? मीच!

तू गेलीस त्याच वर्षी आमच्या इथल्या कारखान्यातल्या एका मोठ्या यंत्राचा आवाज बिघडला. जर्मनीहून इंजिनिअर आला. त्याच्या कानाला तारांचं उपकरण. कुणीतरी मलाही बोलावलं. मी पेचकस कानाला लावला तर गोरा हसला. मी म्हटलं, "डाव्या अंगाचं, आतलं बेअरिंग." तो काहीतरी बोलला, आणि आमच्या दोघांच्या मधे उभी असलेली पोरगी म्हणाली, "काका, ते म्हणतात, त्यांचं उपकरण पण तेच सांगतंय. अन् तुमचा पेचकस विकत देता का, विचारतायत!"

कोण होती ती? आपल्या सेनगावची, अक्का! बाप हमाली करतो. आणि तिथले सगळे साहेब ती तोंड उघडेपर्यंत गप्प.

चहाच्या वेळी मी तिला खोदून विचारलं. धंद्यातला माणूस मी, पोट भरतं का हे आधी! म्हणाली, "विद्यापीठात जर्मनचं बी.ए., एम.ए. केलं काका. माझ्या मैत्रिणी कुणी कंपनीत दुभाषी आहेत, कुणी कागदपत्रांचं भाषांतर करतात, एक कॉलेजात शिकवते. तिकडं नोकरीला जाणाऱ्या नर्सांना भाषा शिकवायला पण माणसं लागतात. पण नुसत्या पदवीला कुणी विचारत नाही. भाषा पक्की लागते."

ते शेवटचं मला पटलं. खोटा माल विकणारी नव्हती. आणि माझा डबा घेऊन आलेली प्रतीक्षा? डबा तसाच हातात धरून तिच्याकडं बघत उभी.

तेव्हापासून दुकानाच्या मागच्या खोलीत मोबाइलवर तिचे धडे चालू. मला अर्थ काय कळणार? पण मोबाइलमधल्या बाईचा सूर आणि हिचा सूर मी जोडून ऐकतो. "इथं घासतंय बघ." ती चिडते, "पप्पा, मी काय मोटार हाय का?" मग पुन्हा म्हणते. मग घासत नाही.

आता पुण्याच्या विद्यापीठात जर्मनच्या बी.ए.ला तिचं नाव लागलंय. मंगळवारी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला. दाजी म्हणतात, लगीन करून शिकू द्या. अक्का, खरं सांग, तुझ्या उंबऱ्याहून पुणं किती लांब आहे?

मी पोरीला म्हटलं, "तुझ्या आत्याला शब्द दिलाय गं." आवाज न चढवता म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं?"

आणि मला गुरुजी आठवले. तुला पाचवीला पाठवा म्हणून आपल्या घरी आलेले. बाबा म्हणाले, "मग भान्याला कोण सांभाळंल?"  तू कापसाच्या ढिगामागं तोंडात झग्याचं टोक कोंबून रडत होतीस. मी चार वर्षांचा असेन, पण कान हेच. थोड्या वेळानं बाहेर आलीस आणि मला कडेवर घेतलंस.

तुला तरी कुणी विचारलं होतं? मग तूच कसं विचारलं नाहीस गं तिला? रागावू नकोस. माझ्याही तोंडून निघालं नाही.

गजाननात खोट नाही. कष्टाळू पोरगा आहे, त्याला चांगली बायको मिळेल. आणि प्रतीक्षाचं पुढं कसं होईल, हे मला आज सांगता येत नाही. पण दुसऱ्यांदा मी ऐकून न ऐकल्यासारखं करणार नाही.

जेवलो की हट्ट्याला निघतोय. साडीची घडी मोडलेली नाही. शब्द मोडणाऱ्यानं ती स्वतः दारात नेऊन द्यावी. फोनवर सांगणार नाही, कुणाच्या हाती धाडणार नाही. दाजी बोलतील तेवढं ऐकीन आणि साडी तुझ्या फोटोपुढं ठेवीन. उद्या पोरीला घेऊन पुणं.

जाताना एक नवा शब्द देतो. यात फक्त मी बांधलेला आहे, दुसरं कुणी नाही. गजाननचं लग्न लागेल तेव्हा मामा म्हणून त्याच्या पाठीशी मीच उभा राहीन. दाजींनी मांडवात घेतलं नाही तर मांडवाबाहेर उभा राहीन. मंगलाष्टकं मला तिथूनही ऐकू येतील.

तुझ्या कडेवरचा,
भान्या