तुम्ही मला कधी रागावला नाहीत

टीचर, तुम्ही आमच्यातल्याच, घरी मराठी बोलणाऱ्या. पण देवनागरी तुम्हाला वाचता येत नव्हती. मी चाळिशी उलटल्यावर शिकले. म्हणून मुद्दाम या लिपीत लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं नाहीच, आणि तुम्ही जिवंत असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, याचं मला बरं वाटतं.

तंजावरच्या आमच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचात. वर्गाशी तमिळ, माझ्याशी मात्र मराठी. मला वाटायचं, मी लाडकी. नववीच्या नवरात्रात तुम्ही आमच्या घरी कोलूच्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला आलात. मी पायघोळ परकर, आपला पावाडा, सावरत सगळ्या बायकांना सुंडल वाढलं, हरभऱ्याचा एक दाणा सांडला नाही. "किती शांत पोर गे," तुम्ही आईला म्हणालात, आणि तिथेच माझा निकाल लावून मोकळ्या झालात.

त्यानंतरचा एक दिवस. पापनाशमहून बसने येणारी माझ्या बाकावरची मैत्रीण आणि मी, दोघींनी एकाच प्रमेयात एकच चूक केली आहे. तुम्ही तिच्यावर खडू फेकता, तमिळमध्ये तिची सालटी काढता, "हे तुझ्याकडून?" ती रडत रडत फळ्यावर पुन्हा मांडते, जमेपर्यंत. मग तुम्ही माझ्याकडे वळता. गालाला हात लावता. "राहू दे गे. जेविलीस काय?" मी मान हलवते. चूक कुठे होती, ते तुम्ही मला सांगितलंच नाहीत. आपल्या भाषेत तुम्ही मला जेवण विचारलंत, आईची तब्येत विचारलीत, केसांतलं फूल विचारलंत. गणित एकही घातलं नाहीत.

अकरावीला मला फर्स्ट ग्रूप हवा होता, गणित आणि विज्ञानाचा. अप्पा तुम्हाला विचारायला आले. "गुणाची पोर. तिला कशाला ती डोकेफोड? कॉमर्स पुरे की," तुम्ही म्हणालात. परक्या टीचरने म्हटलं असतं तर अप्पा भांडले असते. आपल्या माणसाचं त्यांनी ऐकलं.

मैत्रीण आज इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. मी रेशमी साड्यांच्या दुकानात बिलं करते. बेरीजसुद्धा मशीनच करतं. तुमच्या तेराव्याला ज्यांना तुम्ही खडू मारलेत त्याच सगळ्यांत जास्त रडत होत्या. मी पोटभर जेवले. पायसम दोनदा मागून घेतलं.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी शाळेतून हुंदके देत आली. सोपं उदाहरण चुकली म्हणून सरांनी तिला भर वर्गात झापलं होतं, आणि शाळा सुटेपर्यंत तेच पुन्हा करायला लावलं होतं. मी जवळ घेईन म्हणून ती दारात उभी राहिली. मी पाठ फिरवून कुकर लावायला लागले, कारण माझं तोंड तिने बघू नये असं होतं. टीचर, मला माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला.