विषय किती लांब आहे

३ फेब्रुवारी
कॅमेऱ्याच्या दुकानदाराचा पहिलाच प्रश्न — "विषय किती लांब आहे, साहेब?"
आमच्या विनोदी सदरवाल्यांच्या धंद्यात विषय म्हणजे ज्याची टर उडवायची तो. त्याच्या धंद्यात, ज्याचा फोटो काढायचा तो. म्हटलं, "तीन वर्षं." हसला नाही. "मीटरमध्ये सांगा." बरोबरच आहे. विनोदावर पोट माझं आहे, त्याचं नाही.

५ फेब्रुवारी
मैदान रिकामं होतं. आत जाऊन पावलं मोजली. कुंपणापासून भालाफेकीच्या रेघेपर्यंत एकशे दहा. माळी विचारतो, "काय हरवलंय का हो?" काय सांगणार!
वीस तारखेला लेक इथे भाला फेकणार. सोळा वर्षांची झाली. बापाला हे कळलं पेपरच्या आतल्या पानावरून — ज्या पानावर त्याचंच सदर असतं! तिच्या आईला फोन केला. तीन वर्षांपूर्वीच्या घटस्फोटापासून बाई सरकारी नोटिशीसारखी बोलते. "मैदानात येऊ नये, ही विनंती." ठीक. कुंपणाबाहेरचा रस्ता काही तिच्या माहेरचा नाही. म्हणून ही लेन्स.

८ फेब्रुवारी
ऑफिसातला पक्षीवाला — दर रविवारी कॅमेरा घेऊन तळ्याकाठी पालथा पडलेला असतो — तासभर ज्ञान पाजत होता. "पक्षी आहे ना? मग सहाशे मिलिमीटरच्या खालची लेन्स बघूच नका."
पक्षीच आहे रे बाबा. पिंजरा आईच्या ताब्यात.

९ फेब्रुवारी
सत्तर-तीनशे की दीडशे-सहाशे? बायको निवडताना एवढा विचार केला असता तर!

१२ फेब्रुवारी
दुकानाच्या दारात उभं राहून दोन्ही लावून पाहिल्या. रस्त्यापलीकडे न्हावी. तीनशेत गिऱ्हाईक दिसलं, सहाशेत त्याच्या कानातले केस. म्हटलं, हीच!
"दोन किलो आहे, साहेब. हात थरथरेल. आजवर कोणती वापरत होतात?"
आजवर! आजवर लांबची लेन्स लागलीच कुठे? लेक हाताच्या अंतरावर असायची. शाळेच्या शर्यतीत तोंडावर आपटली तेव्हा साध्या पन्नासच्या लेन्सने फोटो घेतला होता. ढोपर फुटलेलं, नाकाला माती. अकरा वर्षांची. फोटोसकट सदर लिहिलं — 'आमच्या घरचं विमान उतरलं'. काय पत्रं आली! शाळेत तिचं नावच विमान पडलं. एवढी प्रसिद्धी कुठल्या बापाने मिळवून दिली असेल?
तिची आई तेव्हाही आठ दिवस बोलली नव्हती. विनोदाचं वावडं, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी
घेतली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे टिपले. सगळे हललेले. दुकानदाराने कॅमेरा टेकवायला एका पायाची काठी दिली. वयाला शोभते.

१६ फेब्रुवारी
कपडे जरा बरे आले.

१९ फेब्रुवारी
सदराची जुळवाजुळव झाली. हद्दपार बाप कुंपणाला नाक लावून, हातात तोफ. आत पहिल्या रांगेत आई, थर्मास मांडीवर, चेहरा न्यायाधीशाचा. मधे भाला! मथळासुद्धा सुचलाय — 'नेम कुणावर?' वाचक लोळतील. तिची आई जळेल. मधल्या जागेत तेवढा उद्याचा फोटो.

२० फेब्रुवारी
स्पर्धेआधीचा सराव चालू होता. सहाशेवर तिचे डोळे स्पष्ट दिसले. माझ्यासारखेच बारीक करते. मग तिनेही पाहिलं — एवढी पांढरी तोफ कुणाच्या नजरेतून सुटणार! भाला ठेवला आणि सरळ चालत माझ्याकडे आली. कुंपणाशी आली तेव्हा लेन्सला ती पकडताच येईना. नुसता जर्सीचा लाल रंग. कॅमेरा खाली घेतला.
"बाबा, आईला काही बोलू नकोस. तुला येऊ देऊ नको, हे मीच तिला सांगितलं होतं. तू बघतोस आणि मग लिहितोस."
स्पर्धा सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी निघालो.