अकरावा भाग

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरा आहे. बाबाही बरे आहेत, गुडघे सोडले तर. हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतोय. जहाज कुठल्याही बंदरात असलं तरी ते पोचवतात, असं तिथला कारकून म्हणाला. शब्दकोश शेजारी घेऊन बसलोय, तेव्हा शुद्धलेखन तपासायला लाल पेन शोधू नकोस.

जुन्या काळी कल्पिलेल्या भविष्याच्या वस्तूंचा आपला संग्रह वाढलाय. जुन्या बाजारात पत्र्याचं रॉकेट मिळालं. चावी दिली की पुढे न जाता गोल फिरतं. एक जुनी दिनदर्शिकाही मिळाली, ‘दोन हजार सालातलं घर’ दाखवणारी. तिच्यात गाड्या उडतात, यंत्रमानव चहा देतो, बाई मात्र तशीच ओट्यापाशी उभी. बाबा बघून म्हणाले, “एवढं सगळं सुचलं, गुडघ्याचं औषध नाही सुचलं लेकाच्यांना!”

आणि परवा रद्दीवाल्याकडे तो अंक सापडला. अकरावा.

अंतराळवीराच्या त्या गोष्टीचे आपल्याकडे दहाच अंक होते. शेवटचा भाग तू तोंडी सांगायचास. चाळीस वर्षांनी यान परत येतं, धाकटा भाऊ म्हातारा झालेला असतो, तरी आवाज ओळखून दार उघडतो. मला वाटायचं, तू तो वाचलायस. बाइंडिंगच्या कारखान्यात आठ वर्षं मी सगळ्यांना हाच शेवट सांगतोय.

दादा, तसं काही नाहीये. छापलेल्या गोष्टीत धाकटा रेडिओ-केंद्रावर नोकरीला आहे. यानातून हाक येते. तो आवाज ओळखतो, आणि रागाने हेडफोन काढून ठेवतो. खाली कुणीच उरलं नाही असं समजून यान वळतं. संपलं.

मी सगळे अंक एकत्र बांधायला घेतले. दहाव्यापाशी सुई थांबली. फोरमन म्हणाले, “काय रे, एवढा काटेकोर तू, आणि शेवटचा बाहेर?”

“त्यात चूक आहे.”

“छापील आहे ना? मग कसली चूक?”

याचं उत्तर त्यांना नाही, तुला देतो.

आई गेल्यावर नवव्या दिवशी तू फोन केला होतास. आवाज तुटत होता. “छोट्या, मी...” एवढंच ऐकलं. “राँग नंबर” म्हणून मी फोन ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच म्हणालो. बाबांनी विचारलं, कोण होतं? त्यांनाही तेच सांगितलं. तू भर समुद्रात होतास, तुला येणं शक्यच नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बाबा मात्र तीन वर्षं म्हणत राहिले, “पोराने साधा फोन केला नाही.”

काल त्यांना खरं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, फोन कानाला लावून चालू आहे का बघितलं, आणि हळूच ठेवला.

अकरावा अंकही शेवटी बांधला. वगळला असता तर तेही खोटंच झालं असतं. त्याच्यापुढे आठ कोरी पानं घातलीत, तुझ्या भागासाठी. दार उघडल्यावर धाकटा काय म्हणतो, ते तू दर वेळी वेगळं सांगायचास. मला एकही नीट आठवत नाही. तू सांग, मी लिहून घेईन.

नंबर तोच आहे, दादा. बरोबर आहे.

तुझा आवाज ओळखणारा,
छोट्या